हवेत धरलेला कप

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं टाळली. मधू आहे ना, कधीतरी तोच सांगेल, अशी माझी सोयीची समजूत होती. गेल्या महिन्यात इथल्याच, बंगळूरातल्या बनशंकरीहून त्याच्या मुलीचा फोन आला, ‘काका, बाबा गेले...’ आणि खरं सांगतो, मला आधी त्याचा रागच आला. आता हे मलाच निस्तरावं लागणार!

मधू म्हणजे वैताग होता. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात मुरलेल्या घरातला. कशावरही त्याचं उत्तर एकच, ‘सरी, बिडो.’ म्हणजे, बरं, सोड. रिक्षावाल्यानं लांबून फिरवलं, सरी बिडो. बढती दुसऱ्यालाच मिळाली, सरी बिडो. मी पुण्याहून इथल्या कारखान्यात आलो, तेव्हापासून या दोन शब्दांनी माझं डोकं उठवलं.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एका वर्षी मी एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचं नाटक बसवलं. तिचा नायक आपमतलबी, सगळ्यांचं प्रेम ओरपणारा, आतून पोकळ. ती भूमिका कोणी घेईना. आमच्या एवढ्याशा मराठी गोतावळ्यात भूमिका माणसाला चिकटते, पार मुलींच्या स्थळांपर्यंत. शेवटी मधू म्हणाला, ‘सरी, मी करतो.’

तालमीत नुसता ठोकळा. मी ओरडायचो, ‘अरे, खलनायक नको करूस! आपण वाईट आहोत हे याला ठाऊकच नाही!’ प्रयोगात त्यानं ऐकलं. चहा संपला, आणि वर्तमानपत्रातून नजर न काढता त्यानं रिकामा कप हवेत धरला... बायको हातातलं काम टाकून येईपर्यंत तसाच. लोक खदखदून हसले. माझी बायको सुलभा हसली नाही. तिनं विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. ती लकब माझी होती. दर रविवारी आमच्याकडे बसून मधूनं ती पाहिली होती.

पडदा पडल्यावर सगळे कौतुक करू लागले, तेव्हा मीच म्हणालो, ‘छे, त्याला अभिनय कुठे करावा लागला? घरी असाच आहे तो!’ हशा पिकला आणि ते चिकटलं. ‘काय नायक, आज कप स्वतः उचललात?’ त्याच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी एका स्थळानं विचारलंसुद्धा, ‘वडील तसेच आहेत म्हणे?’ आणि त्या घरात सकाळचा चहा रोज मधू करायचा! एकदा मी चाचरत विषय काढला. ‘बिडो,’ तो म्हणाला. ‘सुलभावहिनींना आता कप घ्यायला धावावं लागत नाही ना?’

लागत होतं. अरे माणसा, एक शिवी तरी हासडायची होतीस!

परवा बनशंकरीला गेलो. त्याच्या बायकोनं, शांताअक्कांनी, चहा पुढे ठेवला. ‘बिघडलाय का हो? इतकी वर्षं हेच करायचे. माझा हात बसलेला नाही.’

मी घरून वाक्य पाठ करून आणलं होतं. चहा संपवला, घसा साफ केला, ‘अक्का, त्या नाटकाच्या वेळी...’ आणि पाहतो तो माझा हात हवेत, रिकामा कप धरून. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्यादेखील.

कप घेत त्यांनी विचारलं, ‘काय म्हणत होतात, भाऊजी?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘चहा छान झालाय.’