घरात कोणी नाही

आई गेल्यावर बाबा खांब गावातल्या घरात एकटेच राहिले. मी पेणला नोकरीला, भाऊ पुण्यात. भावाने घरात कॅमेरा लावायचं काढलं, तर बाबा भडकले. "मी काय चोर हाय? नाय पायजे." मग त्याने वेगळंच वायफाय आणून बसवलं. त्याच्या लहरी घरभर पसरतात, माणूस हलला की त्यांत फरक पडतो आणि तो आपल्या फोनवर कळतो, असं त्याने मला समजावलं. चित्र नाही, आवाज नाही. मला निम्मंच कळलं. बाबांनी मात्र चालवून घेतलं.

ऑफिसात चहा घेताना फोन उघडायचा, ‘हालचाल आहे’ असं वाचायचं आणि कामाला लागायचं, अशी सवयच लागली मला.

एका दुपारी तिथे आलं, ‘घरात कोणी नाही’. जेवून बाबा त्या वेळी कुठे जात नाहीत. फोन केला, उचलला नाही. साहेबांना सांगून एसटी पकडली. नागोठणं आलं तरी फोनवर तेच.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा खुर्चीत बसलेले, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर.

"बाबा!"

"काय गो? आज कामाला नाय गेलीस?"

मला रडूच फुटलं. फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"कोणी नाही? मंग मी कोण?"

"तुम्ही हलत नव्हता, म्हणून त्याला कळलं नाही. काय करत होतात एवढा वेळ?"

"काय नाय. बसलो होतो."

"मग फोन का नाही उचललात?"

"वाजला व्हय?"

भाऊ फोनवर म्हणाला, माणूस अगदी स्थिर बसला तर असं होतं, सेटिंग बदलतो. मला कोणावर चिडावं तेच कळेना. यंत्र चुकलं होतं, हे खरं. पण शेजारी वाजणारा फोन ज्यांना ऐकू आला नाही, ते बाबा तेव्हा कुठे होते?

त्यानंतर फोनवर दिवसभर हालचालच दिसू लागली. शेवटी विचारलं.

"फिरतो घरातल्या घरात," बाबा म्हणाले. "नायतर तू परत धावत येशील."

"काढून टाकूया का ते?"

"राहू दे."

आता ‘हालचाल आहे’ दिसलं, की ते बरे आहेत की नुसते माझ्यासाठी चालतायत, ते मला समजत नाही.