देऊळघाट इलेव्हन

देऊळघाटच्या फहीमच्या दुकानात रक्त निघालं नाही असा आठवडा विरळाच. पडद्यावर वाहायचं ते सोडूनच द्या. हे खरं रक्त, ओठातलं, नाकातलं. आणि त्यातलं बरंचसं खुद्द फहीमनं काढलेलं. दुकान गेम खेळायचं, मालक सव्वीस वर्षांचा, आणि राग त्याच्या नाकावर कायमचा मुक्कामाला.

ही खोली मूळची त्याच्या अब्बांची, रहेमतुल्ला पिंजाऱ्याची. फोमच्या गाद्या आल्या, कापूस पिंजायच्या पिंजणाची तात ढिली पडली, आणि फहीमनं तिथे दोन कॉम्प्युटर मांडले. पुढे मोबाइल आले तरी पोरं त्याच्याकडे येत राहिली, कारण त्याच्यासारखा गेमचा साठा आसपास कोणाकडे नव्हता. दर शुक्रवारी नमाज झाली की हार्डडिस्क कापसात गुंडाळून तो काळी-पिवळी जीपनं बुलढाण्याला जायचा. गावातल्या नेटवर एक गेम उतरेपर्यंत कपाशीच्या पऱ्हाटीला बोंडं लागायची. बुलढाण्याहून तो नव्या आवृत्त्या आणायचा, दुरुस्त्या आणायचा, क्रिकेटच्या गेममध्ये बदललेले संघ आणायचा. नवं चढलं की जुनं लगेच पुसून टाकायचा. जुनं ठेवलं की पोट्टे दोन्हीवरून भांडतात, असं त्याचं म्हणणं. कॉपी तर सख्ख्या भावालाही द्यायचा नाही.

त्याला कारण होतं. क्रिकेटच्या गेममधली नावं बदलायची विद्या फहीमला सापडली होती, आणि तिच्या जोरावर त्यानं आपल्या गावाचा संघ त्यात घुसवला होता. देऊळघाट इलेव्हन. पैनगंगेच्या काठी खेळणारी सगळी पोरं पडद्यावर आली. कोणाची बॅटिंग किती, बॉलिंग किती, हे आकडे फहीमच भरायचा. कॉपी बाहेर गेली की जो तो आपले आकडे वाढवून घेणार, याची त्याला खात्री होती.

"माही बॅटिंग एवढीशीच? काऊन बे?" शालिग्रामनं एकदा विचारलं होतं. हा फहीमचं रोजचं गिऱ्हाईक, जिभेला हाड नसलेला.

"बाउन्सर आला की डोये मिटतं तू. अजून कमी करू का?"

गोष्ट मुद्द्यावरून गुद्द्यावर आली. शालिग्रामचा एक दात गेला, आकडा मात्र हलला नाही.

सगळ्यात मोठा आकडा ज्ञानेश्वरचा. गावातल्या कडूबा शेतकऱ्याचा एकुलता एक पोरगा, डाव्या हातानं वेगात बॉल टाकणारा, फहीमचा जिवाभावाचा दोस्त. चेंडू मांडीवर घासत लांबून धावत यायचा तसाच तो गेममध्येही यायचा. ते जमवायला फहीमनं रक्ताचं पाणी केलं होतं. कडूबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो एकदाच दुकानात आला होता, ते पोराची गचांडी धरायला.

"वावरात तन मातलं अन् तू इथं डबड्यात तोंड घालून राह्यला!" म्हणत त्यानं ज्ञानेश्वरला वहाणेनं बडवत नेलं. मध्ये पडलेल्या फहीमलाही दोन बसल्या. जाताना कडूबा उंबऱ्यावर थुंकला. पडद्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटी कपाशीला अळी शिवत नाही असं छाती ठोकून सांगणारे कुठल्या कुठे गडप झाले आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली. त्यात शिरून, दोन-तीन औषधं एकत्र कालवून, ज्ञानेश्वर भर उन्हात फवारत राहिला. फवारा वरून त्याच्याच तोंडावर पडत होता. संध्याकाळी तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, तडफडत सापडला. दवाखान्यात नेताना त्याचं डोकं फहीमच्या मांडीवर होतं. वाटेत त्यानं फहीमचं मनगट असं आवळलं की नखं मांसात रुतली, आणि मग पकड सैल पडली. त्या दिवशी फहीमनं दुकानाच्या भिंतीवर बुक्क्या मारून हातांची सालटी काढली. रडणं त्याला येतच नव्हतं, मारणं तेवढं यायचं.

पुढे गेमची नवी आवृत्ती आली. नावं पुन्हा भरायची होती.

"ज्ञान्याले काढ आता," शालिग्राम म्हणाला. "मेलेला माणूस टीममध्ये कसा बे? अपडेट म्हणतं ना तू?"

फहीमनं त्याला मानगुटीला धरून रस्त्यावर फेकलं आणि वर लाथ घातली. "तो पऱ्हाटीत मेला. माह्या टीमीतून त्याले काढनारा तू कोन?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो, असं गावात कोणीकोणी बोललं. बोलू देत. फहीमनं सगळ्यात आधी ज्ञानेश्वरचं नाव भरलं, त्याची चाल बसवली, आणि मग रिवाजाप्रमाणे जुनी आवृत्ती पुसली. गेम चालायचा तो हार्डडिस्कवरूनच, म्हणून दोस्त आता त्या एका हार्डडिस्कवर होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. तो रोज एकदा तरी धावत यावा, एवढंच फहीमला हवं होतं.

एका दुपारी दुकान भरलेलं होतं. लाथ विसरून शालिग्राम देऊळघाट इलेव्हनविरुद्ध बॅटिंग करत होता आणि ज्ञानेश्वरच्या चेंडूंवर षटकार ठोकत होता. "हान ज्ञान्याले! फोड त्याले!" पोरं किंचाळत होती. फहीमचं डोकं सटकलं. मैदानात ओरडायचा तसाच तो पडद्याकडे बघून ओरडला, "ज्ञान्या, भडव्या, हातात दम नाई का बे तुह्या? मेला का?"

नेमका त्याच वेळी कडूबा रस्त्यानं जात होता. अळीनं खाल्लेली पऱ्हाटी उपटून तो वावरातून परतत होता. ती उपटायचा लोखंडी चिमटा, माणसाच्या कमरेइतका लांब, त्याच्या खांद्यावर होता.

तो आत आला तेव्हा कोणी मान वळवली नाही. पहिला घाव पडद्यावर बसला. काचांचा सडा पडला, पोरं एकमेकांना तुडवत पळाली. दुसरा घाव शालिग्रामच्या पाठीत बसला आणि तोही रांगत बाहेर गेला. फहीम टेबलावर झेपावला, हार्डडिस्ककडे, आणि तिसरा घाव त्याच्या उजव्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला. कडूबा थांबला नाही. टेबलावर जे जे होतं ते त्यानं ठेचलं, खाली पडलं ते पुन्हा ठेचलं.

फहीमनं डोकं खाली घालून त्याच्या छातीत धडक दिली. दोघे काचांवर कोसळले. डाव्या हातानं त्यानं म्हाताऱ्याचा गळा पकडला आणि दाबला. जीव घ्यायचा म्हणूनच दाबला.

"दाब," कडूबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माह्या मेलेल्या लेकराले शिव्या देतं... त्यानं काय बिघडवलं होतं रे तुह्यं?"

"शिव्या नाई दिल्या!" फहीम ओरडला. "तो खेळून राह्यला होता, काका! आत बॉलिंग करून राह्यला होता. सारे म्हनत होते काढ, म्या नाई काढलं त्याले!"

त्याची पकड सुटली. कडूबा खोकत उठून बसला.

"डाव्या हातानं टाकते?"

"हाव. डाव्याच."

"अन् बॉल मांडीवर घासते का, तसा?"

"तसाच."

"दाखव मले," कडूबा म्हणाला. "एक डाव दाखव."

फहीमनं जमिनीकडे पाहिलं. हार्डडिस्कचं कवच फाटून आतली चकती चुरा झाली होती. कडूबानंही तिकडे पाहिलं. मग तो उकिडवा बसला आणि रक्ताळलेल्या हातांनी ते तुकडे वेचायला लागला, काच, पत्रा, वायर, सगळंच.

"यातल्या कोनत्यात हाये तो?"

भांडणात कधी मागे न सरणाऱ्या फहीमला खोटं बोलावंसं वाटलं. बुलढाण्यात आहे, शुक्रवारी आणतो, असं सांगावं. पण त्याच्या तोंडून खरंच निघालं.

"होता, काका. आत्ताच होता."

कडूबानं तुकडे खाली ठेवले आणि स्वतःच्या थोबाडीत मारायला सुरुवात केली, आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. ओठ फुटला तरी तो थांबेना. दारात गोळा झालेल्या गावातलं कोणी पुढे आलं नाही. शेवटी फहीम सरकत त्याच्याजवळ गेला आणि धड राहिलेल्या एका हातानं त्याचे दोन्ही हात धरायला लागला.