पंपाचा सैल पट्टा

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये मी चार वर्षं एका तीनचाकी टेम्पोत स्टर्लिंग इंजिन बसवायच्या मागे होतो. या इंजिनात इंधन बाहेर जळतं. आत कोंडलेला वायू एकीकडे तापतो, दुसरीकडे थंड होतो आणि त्यावर दट्ट्या हलतो. आवाज जवळजवळ नाहीच. माझं इंजिन टेबलावर सुरेख चालायचं. टेम्पोत बसवलं की गव्हाणचा आमचा ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, पाय दाबून धरलाय, पण गाडी उचलत नाय." मागे कंटेनरवाले हॉर्न देत राहायचे.

मग ती नवी इंजिनियर नोकरीला लागली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिसऱ्याच आठवड्यात मीटिंगमध्ये म्हणाली, "सर, या इंजिनाला वेग पटकन बदलता येत नाही, मग ते चाकांना जोडायलाच कशाला हवं? ते एका वेगात चालू दे, बॅटरी चार्ज करू दे. चाकं मोटर फिरवेल."

मालक खुर्चीतून उठून फळ्यापाशी गेले. माझं ऐकताना ते कधी उठले नव्हते. मी म्हणालो, "वजन वाढेल." तर तिने वजनाचं गणितही करून आणलेलं.

त्या दिवसापासून तिचं नुसतं हसणंही मला टोचायला लागलं. ती अदबीने शंका विचारायची, वहीत लिहून घ्यायची, त्याचाही राग यायचा.

तिच्या पहिल्या चाचणीच्या सकाळी मी गाडी तपासत होतो. थंड पाण्याच्या पंपाचा पट्टा अंगठ्याने दाबला, तर सैल लागला. पाना माझ्या हातातच होता. मी काही न करता इंजिनावरचं झाकण लावलं.

कर्नाळ्याच्या खिंडीत चढावर पाणी तापलं, इंजिनाची ताकद गेली, बॅटरी उतरली आणि टेम्पो थांबला. दोरी बांधून तो परत आणताना मला बरं वाटत होतं.

तिने दोष स्वतःवर घेतला. "रेडिएटर लहान पडला, माझं चुकलं," असं मालकांना सांगून ती दोन दिवस आकडेमोड करत बसली. जेवायलाही उठेना. तिसऱ्या दिवशी मालक मला म्हणाले, "आता हे काम तुम्हीच हातात घ्या." हेच तर मला हवं होतं. पण तिच्या टेबलासमोरून जाताना माझा पाय अडला.

"रेडिएटर बरोबर आहे," मी म्हणालो. "पंपाचा पट्टा सैल होता. निघायच्या आधी मी पाहिला होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझं जमू नये असं वाटलं."

ती उठली. पाना घेऊन गेली आणि पट्टा स्वतः आवळला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो खिंड चढून गेला आणि तसाच परत आला. मालकांनी दोघांनाही पेढे दिले, म्हणजे तिने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती मला एकही शंका विचारत नाही. तिचं ते गप्प राहणंसुद्धा मला सहन होत नाही.