गळती नव्हे, पाझर

दुपारचे पावणेतीन वाजलेत आणि डॉक्टर वैजयंती खराडे झोपलेली नाही. ती फक्त पाठ टेकतेय. निदान तिचं तरी तसं म्हणणं आहे. डॉक्टरांच्या खोलीतला अरुंद पलंग, पोटावर लॅपटॉप, वर कुरकुरणारा पंखा. डोळे मिटलेत, पण डोक्यात गणित चालूच आहे.

या गणितापायी मेंदूविकारांच्या या तज्ज्ञ बाईंनी सहा वर्षं घातली. पक्षाघाताचा झटका येतो तेव्हा बहुधा मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते. मग घड्याळ बघायचं, रुग्ण झटक्यानंतरच्या ठरावीक तासांच्या मुदतीत आला असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, नाहीतर मान हलवायची. वैजयंतीचं गणित म्हणतं, घड्याळ ठेवा बाजूला. या माणसाचा स्कॅन द्या, याचा मेंदू किती तास तग धरेल ते माझ्याकडून घ्या. सांगतंही झकास! साठातल्या बावन्न जणांचं अगदी अचूक. उरलेल्या आठांपाशी मात्र तोंडावर आपटतं. सात नंबरच्या खाटेवरच्या सोनाबाईंना गणिताने एक तास दिला होता. बाई सहा तास तगल्या, गुठळी निघाली, आणि आता चहात साखर कमी म्हणून नर्सशी भांडताहेत.

उद्या सकाळी समिती बसणार आहे. आठ चुका घेऊन गेलं तर हे गणित रुग्णांसाठी वापरायची परवानगी मिळायची नाही, आणि माणसं घड्याळाच्याच भरवशावर राहतील. तिचे आप्पा राहिले तशी.

पंख्याची कुरकुर थांबते. पाणी वाहिल्याचा आवाज येतो.

"चप्पल काढ की," कुणीतरी म्हणतं. "पाटावर चप्पल घालून येतीस व्हय?"

वॉर्डच्या मधोमध पाट वाहतोय. काठावर खाकी शर्ट घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात खोरं घेऊन आप्पा उभे आहेत. वैजयंतीचे वडील. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. जाऊन अकरा वर्षं झाली. पण इथे त्याचं कुणाला काहीच वाटत नाही, वैजयंतीलाही नाही. ती चप्पल काढते.

"आप्पा, माझं गणित चुकतंय."

"चल, दावतो."

दोन्हीकडच्या खाटा होत्या तिथे वाफे आहेत. सलाइनच्या बाटल्या बाभळीला टांगल्यात. आप्पा एकेका वाफ्याचं दार खोऱ्याने माती ओढून बंद करत पुढे जातात, आणि ज्याचं पाणी तुटेल तो वाफा बघता बघता मान टाकतो. सातवा मात्र टाकत नाही. हिरवागार!

"ह्याला पाणी कुठनं मिळतं?" ती विचारते.

"मला काय विचारतीस? हात घाल."

ती खाली बसून मातीत बोटं खुपसते. वर कोरडं, आत ओल. गार ओल, बाजूच्या वाफ्याकडून आलेली.

"पाझर," आप्पा म्हणतात. "खात्यातली माणसं ह्याला गळती म्हणायची. समद्या पाटांना एकच आकडा, तीस टक्के, लिवून मोकळी. मी म्हणायचो, सायेब, गळती न्हवं ती. शेजारचं पाणी हाय, त्यावर पीक जगतं. कुणाला लई असतो, कुणाला थेंब नसतो. मला पाठ होतं. म्हणून पाण्याची पाळी चुकली तरी कुणाचं रान चार दिस दम धरंल आन् कुणाचं दुपारीच जाईल, ते मी सांगायचो."

वैजयंती ताडकन उठते. तिच्या गणितातही तो आकडा आहे! शेजारच्या वाहिन्यांतून आडवाटेने येणारं रक्त. पहिल्याच वर्षी तिने तिथे सगळ्यांसाठी तीस टक्के घातले होते, नंतर बघू म्हणून. ते नंतर काही आलं नाही.

"आणि हा पाझर कायम तेवढाच राहतो?"

"खुळी का काय! शेजारच्या चारीत पाणी चढलं की वाढतो, उतरलं की आटतो."

"म्हणजे रक्तदाब!" ती इतक्या जोरात ओरडते की बाभळीवरची पाखरं उडतात. "आप्पा, आकडा स्थिरच नाही! माणसागणिक वेगळा आणि दाबाबरोबर बदलणारा! अहो, मी सहा वर्षं तिथेच चुकत होते!"

"नाचू नको, घसरशील," आप्पा हसतात.

ती नाचतेच आहे. मग शेवटचा वाफा दिसतो आणि तिचे पाय थांबतात. तिथे माती नाही, लोखंडी खाट आहे, रिकामी.

"तुम्हाला आणलं तेव्हा मीच ड्यूटीवर होते," ती म्हणते. "मुदत टळून चाळीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं आणि मान हलवली."

"बघायला दुसरं होतं तरी काय तुझ्याकडं?"

"तुमचा स्कॅन आहे माझ्याकडे. अजून उघडला नाही. तुम्ही वाचला असता असं निघालं तर?"

आप्पा खोरं पाटात बुडवून धुतात, सावकाश, पातं स्वच्छ होईपर्यंत.

"तर तेवढं कळंल. पर उद्या माझ्यावाणी कुणी आला, तर त्याच्या रानात हात घालून बघ, पोरी. सोड आता दार."

ती दोन्ही हातांनी फळी उचलते. पाणी पायांवर येतं.

पंखा कुरकुरतोय. तीन वाजून दहा मिनिटं. पाय कोरडे आहेत, चपला पलंगाखाली जोडून ठेवल्यात. ती घाईघाईने लॅपटॉप ओढते आणि तीस टक्के खोडून तिथे नवं समीकरण बसवते. सोनाबाईंचा स्कॅन, सोनाबाईंचा रक्तदाब. उत्तर येतं, साडेसहा तास. "जमलं!" ती एकटीच ओरडते. बाहेरून नर्स दारावर थाप मारून विचारते, "मॅडम, काय झालं?"

काय झालं ते सांगायला ती तोंड उघडते आणि तिचं लक्ष हाताकडे जातं. उजव्या हाताच्या नखांत काळा गाळ आहे, ओला. चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत साधी कुंडीसुद्धा नाही. ती हात नाकाशी नेते. पाटाचा वास.

हात धुवायला ती उठत नाही. 'आप्पा' नावाचं फोल्डर अकरा वर्षांत पहिल्यांदा उघडते, त्यातला स्कॅन गणिताला देते आणि रुग्णाच्या नावाच्या चौकटीत लिहायला लागते, महादेव खराडे. एकेका कळीवर काळं बोट उमटत जातं.