पुढच्या सालाचं गाइड

नाण्यांच्या किमतींचं आमचं गाइड दरवर्षी निघतं आणि त्याच्यावर नेहमी पुढच्या वर्षाचं साल असतं. किमती जूनमध्ये समितीच्या बैठकीत ठरतात, पुस्तक सप्टेंबरात बाजारात येतं. चालू साल छापलं तर जानेवारी उजाडताच ते शिळं होतं आणि दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवतात. पाच वर्षं हे काम केल्यावर मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

त्या ऑगस्टमध्ये शेवटची प्रुफं तपासायला मी नोएडाच्या छापखान्यात गेले. जूनच्या बैठकीत सगळ्यांनी सह्या केलेला तक्ता शेजारी ठेवला होता. तांब्याच्या एका संस्थानी नाण्याच्या ओळीवर बोट थबकलं. तक्त्यात बाराशे, प्रुफात चार हजार.

"मॅडम, प्लेट बना दूं?" छापखान्याचा मालक दारातून विचारत होता.

"पाँच मिनट," म्हणत मी सरांना फोन लावला. सर म्हणजे आमचे संपादक, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मला या कामात त्यांनीच आणलं होतं.

"सर, इथे एक आकडा चुकलाय."

"चुकला नाही. मी बदललाय."

ते नाणं मी त्यांच्या घरी पाहिलं होतं. एक नाही, तीन.

"बाकीच्यांना विचारलंत?"

"थांब, मी येतो."

दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या घरून यायला त्यांना पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मालक चारदा येऊन गेला, चौथ्यांदा आवाज चढवून. मी प्रुफं सोडली नाहीत.

सर घामाने निथळत आले. "जूननंतर भाव चढलाय. आपण जुनाच छापायचा का?"

"पुढच्या वर्षीच्या गाइडमध्ये घेऊ."

"हे पुढच्या वर्षीचंच आहे ना? कव्हर बघ."

"सर, ती नाणी तुमच्याकडे नसती, तर मी बाकीच्यांना फोन करून विचारलं असतं," मी म्हणाले. "आता कुठल्या तोंडाने विचारू?"

मग माझं पेन घेऊन त्यांनी चार हजार खोडले, बाराशे लिहिले, सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, पुढच्या जूनच्या बैठकीलाही आले नाहीत. त्या नाण्याची किंमत कुणीही वाद न घालता पाच हजार ठरली. मी बाहेर येऊन त्यांना फोन केला.

"सर, भावाबद्दल तुमचं बरोबर होतं."

"हो. तिन्ही मार्चमध्ये विकली मी. घेणाऱ्याने आपलंच गाइड उघडून बाराशेचा आकडा दाखवला."

मग विषय बदलत तेच म्हणाले, "अच्छा, बैठकीत चहा तरी बरा होता का?"

"नाही," मी म्हणाले, तर ते हसले.

त्यानंतर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. घरचं, तब्येतीचं, सगळं बोलतात. नाण्यांचा विषय मात्र त्यांनी माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.