चूलबंद आवतण

जोतीराममामाचं डोकं फिरलंय, असं मी तेव्हाच म्हणालो होतो. आधी जागा बघावी, मग माणसं बोलवावीत की नाही? पण ह्या गड्यानं आधी जुन्या गल्लीत घरोघर फिरून चूलबंद आवतण दिलं. म्हणजे त्या दिवशी घरात कुणी चूल पेटवायची नाही, पोराबाळांसकट सगळ्यांनी आमच्याकडं मटणाला यायचं. आन् मग माझ्या रिक्षात बसून म्हणतो, "चल भाच्या, जागा बघूया."

त्याची तरी काय चूक म्हणा. सगळा जन्म फौंड्रीत साचे भरण्यात गेला, आणि पंगत म्हटलं की दारात मांडव घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. महापुरात त्याच्या घराची भिंत बसली, तेव्हा गल्लीच्या वरच्या अंगाच्या ह्याच घरांनी त्याला आन् बनामामीला ठेवून घेतलं, आळीपाळीनं जेवू घातलं. पुढं पोरानं, धैर्यशीलनं, लांब फ्लॅट घेतला आणि दोघं तिकडं गेली. तेव्हापासनं मामीचं एकच, "त्या माणसांचं अन्न अंगावर हाय. मरायच्या आत एकदा माझ्या हातानं वाढू दे." आणि फ्लॅट असा, की चार पावणं आलं तर पाचवा जिन्यात.

अपार्टमेंटच्या पार्किंगचं विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाला, "काका, मटण चालणार नाही. आणि एवढ्या गाड्या काढून कुठं लावायच्या?" जुन्या गल्लीत गेलो, तर दोन्ही अंगाला चारचाकी. मधनं माझी रिक्षा जाईना, मांडव कुठला घालतोय? तालमीतली माती जाऊन तिथं व्यायामाच्या मशिनी आल्यात. एक हॉलवाला म्हणाला, शाकाहारी असेल तरच. कोल्हापुरात, मटणाला जागा नाही! त्याला मी काय बोललो ते इथं सांगत नाही. दुसऱ्याच्या तारखा दिवाळीपर्यंत गेलेल्या. शहराबाहेर एक रिकामं रान मिळत होतं, पण म्हाताऱ्या माणसांना तिथवर न्यायचं कसं?

धैर्यशील म्हणाला, "आई, दहाबारा जणांना हॉटेलात जेवायला घालूया."

मामी म्हणाली, "त्यातली दहा निवडू कशी? कुणाचं अन्न कमी होतं, सांग."



जेवण उद्यावर आलं, तसा मामा पार खचला. दिलेलं आवतण परत घ्यायचं! आमच्यात असलं कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही. गल्लीच्या तोंडाला रिक्षा लावली, तर मामा उतरेना. "काय तोंड दाखवू रं?" म्हणत नुसता बसून राहिला. शेवटी मीच हाताला धरून उतरवला.

पहिलं दार अंबूबाईचं. मामानं हात जोडून कसंबसं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाबा सांगितलंस. माझं हे गुडघं, आन् सुनंला सुट्टी न्हाय. कसं यायचं ह्येच कळंना झालतं."

पुढं विजयसिंह. "मामा, सुटलो बघा! उद्या आमचं राधानगरीला जायचं ठरलंय. तुम्हाला सांगायचं कसं, ह्याच काळजीत होतो."

त्याच्या शेजारची सून दारातनंच म्हणाली, "कसलं जेवण?"

मामा तरी पुढच्या दाराकडं वळला. विजयसिंहनं हाक मारली, "कशाला फिरताय उन्हात? ग्रुपवर टाकतो की." टाकलं. आम्ही तिथंच उभे. एकामागनं एक अंगठे यायला लागले. का रद्द केलं, मामी बरी हाय का, कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मला असा संताप आला, वाटलं एकेकाला बाहेर ओढून विचारावं. मामा त्या मोबाईलकडं बघत राहिला. मी रिक्षा फ्लॅटकडं वळवली.

मामी दारातच उभी होती. "काय म्हणाली माणसं? रागावली असतील की."

मामानं चपला काढल्या, भिंतीला टेकून खाली बसला. "लई रागावली. अंबूबाई तर रडली."

मामीनं पदर डोळ्याला लावला. "बघा! एवढी आस लावून बसलीती माणसं. मग हातपाय गाळून चालंल व्हय? सकाळपासनं परत जागा बघा."

मामानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"बघतो की," मामा म्हणाला.