तारापूरचं सागवानी पिस्तूल

शहाऐंशी सालच्या डिसेंबरात आम्ही तारापूरला गेलो. तिथल्या एका बाईचा मला तेव्हा जो हेवा वाटला, तो अजून पुरता गेलेला नाही. तुम्ही त्या बाजूला निघणार असाल तर रस्ता सांगते. हेवा ओघाने येईलच.

नाशिकच्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले, तिथेच शिकवत होते. माझे यजमान सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या युनिटमधला मित्र गणपत मूळचा तारापूरचा, तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात लेथवर. "एकदा त्याच्याकडे जाऊन येऊ," हे म्हणाले. मला समुद्र हवा होता, लगेच हो म्हटलं.

सकाळची एसटी जव्हारमार्गे. घाटात गाडी लागते, लिंबू जवळ ठेवा. मनोरला वडा गरम असेल तरच घ्या. पालघरला गाडी बदलून बोईसर, तिथून तारापूरची गाडी. या शेवटच्या गाडीत कारखान्यांचे कामगार खच्चून भरलेले.

"भाई, सालवड बोला था ना," एक जण कंडक्टरला म्हणाला.

"सालवड मागे गेलं. झोपून सालवड येत नाय," कंडक्टरने घंटी मारली.

कारखान्यांचा वास मागे पडला की माड दिसू लागतात. गणपतचं घर तिथेच. त्याची बायको हिराबाई अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. जेवायला तांदळाची भाकरी आणि त्याच बोंबलांचं कालवण. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर गणपत म्हणाला, "हिरे, काढ तुजं हत्यार."

हिराबाईने डब्यातून एक पुरचुंडी आणली. आत सागवानी पिस्तूल. स्लाइड, नळी, चाप, सगळं सुटं होणारं. फक्त आतली स्प्रिंग खरी. तिने पदर डोळ्यांवर ओढला आणि भराभर भाग काढून ओळीने मांडले.

"वयनी, हे नऊ मिलिमीटरचं. आदी मॅगझिन काढायचं. तेरा गोळ्या ऱ्हातात, दोन रांगांत, येक हिकडं येक तिकडं. तरी मूठ माज्या हातात मावते. आनि मॅगझिन काढलं का चाप मेला, कितीबी वढा. फ्रान्सच्या लष्करानं तशी अट घातली व्हती."

यजमान मान डोलावत होते, वर्गातली पहिली मुलगी धडा म्हणते तेव्हा मी डोलावते तशी.

"सुरू केलं येका अमेरिकन मानसानं," ती पुढे म्हणाली. "तो मेला. मग बेल्जियममदल्या त्याच्या हाताखालच्यानं वर्सानुवर्सं खपून पुरं केलं. दुसऱ्या म्हायुद्धात दोनी बाजूंच्या कमरेला हेच. आपल्याकडं आदी भायेरून यायचं, मग आपल्याच कारखान्यात व्हऊ लागलं. पन नाव त्या मेलेल्याचंच. त्या दुसऱ्याच्या बायकोला काय वाटलं असंल?"

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"ह्या भावजींनी. बनवलं बी त्यांनीच. आमी फॅमिली क्वार्टरात व्हतो तवा. तुमी नाशकात शाळा शिकवत व्हता ना."

हो, शिकवत होते. यांची पत्रं दर पंधरवड्याला यायची. त्यांत हवा, तब्येत, मनिऑर्डर. ज्या वस्तूवर या माणसाने आयुष्य घातलं, तिच्याबद्दल एक ओळ नाही. आणि चौथी शिकलेल्या या बाईला सगळं तोंडपाठ.

"मला द्या," मी म्हटलं. जोडताना स्प्रिंग हातातून सुटली आणि थेट बोंबलांच्या टोपलीत.

"वयनी, दुश्मन बोंबलांत लपला," गणपत खो खो हसला.

"राहू दे," हे हळूच गणपतला म्हणाले, "तिला याची आवड नाही."

संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. किनारा लांबच लांब आणि सपाट आहे, जरूर जा. मला मात्र त्यातलं काही आठवत नाही.

परतीच्या गाडीत, जव्हारच्या घाटात, मी विचारलं, "तिला शिकवलंत. मला का नाही?"

हे म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत आणलं. तू म्हणालीस, देवघर असलेल्या घरात हे नको."

मग आठवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "पिस्तूल आहे, लाकडाचं," एवढं ऐकून मी ते न उघडताच त्यांच्या ट्रंकेवर ठेवलं होतं. त्या वेळी फार बरोबर वागल्यासारखं वाटलं होतं. सुट्टी संपल्यावर ते तसंच गुंडाळलेलं यांच्याबरोबर परत गेलं.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी मी सुताराकडून सागवानाचा तुकडा आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कानस काढली. पुढच्या दिवाळीला पिस्तूल तयार झालं. रोज रात्री जेवणानंतर ते मला एकेक भाग सांगत.

आता हे नाहीत. ते पिस्तूल माझ्या कपाटात आहे. डोळे मिटून सुटं करता येतं. जोडताना स्प्रिंग अजून उडते. हिराबाईचा कधीमधी फोन येतो. "वयनी, जमलं का?" मी जमलं म्हणते.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "पयलं पिस्तूल तुमचंच हाय, धाडून देते." मी नको म्हटलं. केलं होतं माझ्यासाठी, पण कागद तिने उघडला होता.